दोनदा हसलेलं थिएटर

शुक्रवारी दुपारी, जेवणाचा डबा उघडायच्या आधीच डॉ. हर्षदा रेडेकरला कळलं, की तिनं बनवलेल्या यंत्रानं तिच्याच मुलीचा सिनेमा नापास केला आहे.

पुण्याच्या ऑफिसातल्या पडद्यावर ओळ उमटली होती : ‘आठ हातांची मावशी’, कोल्हापूर, पहिला खेळ, लयांक एकतीस. पास व्हायला साठ लागत. शेजारच्या टेबलावरच्यांनी ती ओळ वाचली आणि सगळे एकदम आपापल्या कामात फार गढून गेले.

यंत्र तसं साधं होतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर रक्त पुढे ढकललं जातं आणि तेवढ्यानं आपलं सगळं अंग केसभर हलतं. आपल्याला ते जाणवत नाही, पण थिएटरच्या खुर्चीच्या पाठीत बसवलेल्या पातळ पट्टीला जाणवतं. एकट्या हृदयावरून काही कळत नाही. कुणी धापा टाकत जिना चढून आलेलं असतं, कुणी घरी भांडून. पण गोष्टीनं माणसांना धरलं, की एकमेकांना कधी न पाहिलेल्या माणसांची हृदयंसुद्धा एकदम धावू लागतात आणि एकदम सावरतात. पकड सुटली की जो तो आपापल्या लयीवर परततो. थिएटरातली हृदयं किती वेळ एकत्र चालली, याचा शंभरपैकी आकडा म्हणजे लयांक.

सहा वर्षांपूर्वी हर्षदानं हे यंत्र केलं, तेव्हा लोकांनी ते डोक्यावर घेतलं. त्याआधी सिनेमाला मिळणाऱ्या ताऱ्यांवरचा विश्वास पार उडाला होता. तारे देणाऱ्यांत माणसं किती आणि माणसांची सोंगं घेतलेले प्रोग्राम किती, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. हृदयाला लाच देता येत नाही, एवढं एक वाक्य जाहिरातीला पुरलं. मग थिएटरवाल्यांनी नियम केला. नवा सिनेमा आधी तीन दिवस एकाच थिएटरात कसोटीला लावायचा. त्या तीन दिवसांत एका तरी खेळाला लयांक साठावर गेला, तर सिनेमा राज्यभर जाणार. नाही गेला, तर कुठेच नाही. घरच्या पडद्यावर दाखवणाऱ्या कंपन्याही तोच आकडा बघत.

दिग्दर्शक शहाणे झाले. हृदयं एकदम कशानं उडतात ते त्यांना कळलं होतं. ॲनिमेशनच्या सिनेमांत तर ससा असो की राक्षस, दर सात मिनिटांनी तो कड्यावरून पडायचाच. हर्षदाला हे आवडत नव्हतं. पण थर्मामीटरनं ताप दाखवला तर दोष थर्मामीटरचा नाही, असं ती म्हणायची.

तिनं मुलीला फोन लावला. पडद्यावर शाल्मलीचा चेहरा आला, मागे कोल्हापुरातल्या तिच्या स्टुडिओच्या भिंतीवर समुद्राच्या तळाची चित्रं. शाल्मलीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. मायलेकी हातांनीच बोलत. नवरा लवकर गेला. तेव्हापासून या दोघींच्या घरात फारसा आवाज नसे, पण बोलणं खंड न पडता चाले. शाल्मली सत्तावीस वर्षांची होती आणि त्यातली चार वर्षं तिनं पाच मित्रमैत्रिणींबरोबर हा एक सिनेमा काढण्यात घालवली होती.

“बघितलंस?” शाल्मलीनं विचारलं.

“बघितलं.”

“दोनातलं एक सांग. तुझं यंत्र चुकतंय, की माझा सिनेमा वाईट आहे?”

कंपनीच्या नियमामुळे तिनं सिनेमा पाहिलेला नव्हता. मापणाऱ्यानं नात्यातल्या माणसाचं काम आधी बघायचं नाही, हा नियमही तिचाच.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. “मी उद्या येते. तिकीट काढून बघते.”

“ये. पण कशाला हात लावायचा नाही.” शाल्मलीचं बोट कॅमेऱ्यावर आपटेल इतकं पुढे आलं. “आईनं पास केलं असं कुणी म्हटलं, तर मी हा सिनेमा स्वतः जाळून टाकीन.”

शनिवारी दुपारी हर्षदा कोल्हापुरात थिएटरवर पोचली. व्यवस्थापक शिरीन अत्तार दारातच उभ्या होत्या. पन्नाशीच्या, कपाळावर चष्मा चढवलेल्या, आणि आकड्यावर मनापासून चिडलेल्या.

“डॉक्टरबाई, तुमचं मशीन काय सांगतंय ते मला कळंना झालंय बघा,” त्या म्हणाल्या. “काल पोरं बाहेर पडली ती नाचत पडली. आणि आकडा एकतीस! मी वीस वर्षं पोरांची तोंडं बघतीय. पडलेल्या सिनेमाचं तोंड असलं नसतं.”

“मला आत बसू द्या, शिरीनताई. मग बोलू.”

आत डाव्या बाजूला कोल्हापूर, मिरज आणि इचलकरंजीच्या कर्णबधिर शाळांची मुलं एकगठ्ठा बसली होती. शाल्मलीनंच त्यांना बोलावलं होतं. उजवीकडे नेहमीचं गिऱ्हाईक : आईबाप, पोरं, पॉपकॉर्न. मधून जाण्यायेण्याची वाट. हर्षदाची खुर्ची उजवीकडे, वाटेच्या कडेला होती. दिवे गेले.

समुद्राच्या तळाशी एक चहाची टपरी होती. टपरीवाली मावशी म्हणजे आठ हातांची ऑक्टोपस. तोंडानं ती साखरेहून गोड बोलायची, आणि हातांनी भलतंच. एक भला दांडगा शार्कशेठ टपरीवर आला. मावशी म्हणाली, “या या शेठ, बसा. तुमच्यासाठी खास आलं ठेचून ठेवलंय.” दोन हात आलं ठेचत होते, दोन हात बाकडं पुसत होते, आणि पाठीमागचे दोन हात बाकड्याखाली लपलेल्या कोळंबीच्या पोरांना खुणांच्या भाषेत ओरडून सांगत होते : “पळा! या ढेरीत तुमचा काका आहे!”

डावीकडची मुलं खदखदून हसली. हर्षदाही हसली. उजवीकडच्या तिच्या आजूबाजूच्या माणसांनी वळून पाहिलं, एवढं हसण्यासारखं काय झालं म्हणून. मग शार्कशेठनं चहाचा घोट घेतला, ढेकर दिली, आणि त्या ढेकरेतून एका कोळंबीची टोपी बाहेर पडली. आता उजवी बाजू हसली. तोवर डावीकडच्यांचं हसून झालेलं होतं. टोपी कुणाची ते त्यांना ठाऊक होतं, आणि पोरं सुटतील की नाही या काळजीनं ती खुर्चीच्या टोकावर आली होती.

पुन्हा तेच झालं. आणि पुन्हा. सबंध सिनेमाभर मावशीचे हात आधी खरं सांगत आणि गोष्ट ते मागाहून उघड करत होती. थिएटर प्रत्येक वेळी दोनदा हसत होतं, दोनदा घाबरत होतं, दोनदा गप्प होत होतं. सिनेमाच्या शेवटाकडे मावशी जखमी होते, तिचे सहा हात थकून वाळूत पडतात आणि उरलेले दोन काहीतरी सांगतात, तेव्हा डावीकडे एक मुलगी ओंजळीत तोंड लपवून रडू लागली. उजवीकडे त्या घडीला एक मुलगा शांतपणे पॉपकॉर्न खात होता. थोड्या वेळानं तोही रडला.

दोन्ही वेळा हर्षदाचे डोळे भरले. पण तेव्हाच तिच्यातल्या शास्त्रज्ञानं मान वर काढली. एक लाट वर असताना दुसरी खाली. दोन्हींची बेरीज केली, की सपाट पाणी!

बाहेर लयांक लागला होता : एकोणतीस.

तिनं कंपनीचे प्रमुख प्रसन्न चौगुले यांना शिरीनताईंच्या ऑफिसातूनच फोन केला. शाल्मली समोर बसली होती. हर्षदा फोनवर बोलता बोलता सगळं हातांनी तिलाही सांगत होती.

“प्रसन्न, मी तिची आई आहे. म्हणून मी आकड्यांना हात लावत नाही. तुम्ही स्वतः काढा. वाटेच्या डावीकडच्या खुर्च्या वेगळ्या, उजवीकडच्या वेगळ्या.”

पलीकडे काही वेळ नुसती बटणांची टकटक ऐकू आली. मग चौगुले हळूच म्हणाले, “डावीकडे ब्याऐंशी. उजवीकडे सत्त्याहत्तर. हर्षदाताई, हे काय आहे?”

तिनं सांगितलं. चौगुल्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. कंपनी त्यांनी नेकीनं चालवली होती, आणि त्या नेकीचीच त्यांना काळजी होती.

“पण मी असे दोन भाग मान्य केले, तर उद्या प्रत्येक पडलेल्या सिनेमाचा दिग्दर्शक येईल. म्हणेल, माझे प्रेक्षक वेगवेगळे मोजा. हसणारे एकीकडे, झोपणारे दुसरीकडे. कुठलाही सिनेमा असा पास करता येईल. खरं ना?”

“खरं आहे,” हर्षदा म्हणाली. तिला ते कबूल करावंच लागलं. “आकडे बघून भाग पाडले तर कुठलाही पास होईल. आधी ठरवून भाग पाडले तर होणार नाही. जुन्या शंभर सिनेमांवर करून बघावं लागेल.”

“त्याला महिने लागतील. कसोटी उद्या संपते.” चौगुल्यांचा आवाज खाली आला. “एक सोपा उपाय आहे. उद्याच्या खेळाला त्या शाळांना बोलावू नका. नुसते नेहमीचे प्रेक्षक बसवा. सत्तरच्या वर जाईल. मग सिनेमा राज्यभर, आणि पुढे कुणी का बघेना.”

हर्षदाचे हात थांबले. शाल्मलीनं टेबलावर थाप मारली. “काय म्हणाले? सांग.”

हर्षदानं सांगितलं.

शाल्मली उठून उभी राहिली. ती रागावली की तिचे हात मोठे होत, खोली अपुरी पडे.

“त्यांना बाहेर ठेवायचं? ज्यांना सगळ्यात आधी कळलं, त्यांना?”

“मी तसं म्हणत नाही. माझा उपाय दोन भागांचा आहे. त्याला वेळ लागेल, पण—”

“तोही नको! आई, मी एक थिएटर मागितलं होतं. तू त्याचे दोन तुकडे करून दोघांना वेगवेगळं सर्टिफिकेट देतेयस. लहानपणापासून मी थिएटरात उशिरा हसलेय. सगळे हसले की मी तुझ्याकडे बघायची, तू सांगायचीस, मग मी हसायची. एवढी एकच गोष्ट मी उलटी करून बघितली. ऐकू येणाऱ्यांना एकदा उशीर होऊ दे. त्यांना चुटपूट लागू दे. त्यांनी शेजारच्याला विचारू दे, काय गं, काय म्हणाली ती?”

फोनवर चौगुले “हॅलो, हॅलो” करत होते.

“शाल्मली दोन्हीला नाही म्हणते,” हर्षदानं फोनवर सांगितलं. “आणि मीही. उद्याचा खेळ सगळ्यांसाठी आहे. यंत्र आहे तसंच चालेल.”

“मग मी येतो,” चौगुले म्हणाले. “तुम्ही आई आहात, कुणीतरी तिऱ्हाईत हवं. स्वतःच्या डोळ्यांनी बघतो.”

फोन ठेवल्यावर शिरीनताईंनी हर्षदाला बाहीला धरून विचारलं, “पोरगी काय म्हणाली एवढं?”

हर्षदानं सगळं सांगितलं. शेजारच्याला विचारू दे, या वाक्याशी शिरीनताई थबकल्या.

“अहो, पण विचारणार कुणाला? शाळेची पोरं त्या अंगाला, बाकीची ह्या अंगाला. मधी बोळ. मास्तर मंडळींना सोपं जावं म्हणून मीच एकगठ्ठा बसवली की!” त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि खुर्च्यांचा नकाशा पुढे घेतला. “एक आड एक बसवूया. ऐकणारं एक, बघणारं एक. थिएटर माझं हाय. कुणी कुठं बसायचं ते मी ठरवणार. ह्यात तुमच्या मशीनला काय बोलायचं कारण न्हाई.”

हर्षदानं मुलीला सांगितलं. शाल्मलीनं टेबलाला वळसा घालून शिरीनताईंना अशी मिठी मारली, की त्यांचा चष्मा पुन्हा कपाळावर गेला.

“चालेल का पण?” शिरीनताईंनी विचारलं.

“माहीत नाही,” हर्षदा म्हणाली. त्या दोन दिवसांत हेच उत्तर तिनं दुसऱ्यांदा दिलं होतं.

रविवारी संध्याकाळी कसोटीचा शेवटचा खेळ होता. एक आड एक बसवायला बराच वेळ गेला. आया कुरकुरल्या. एका आजोबांनी नातवाशेजारचीच खुर्ची हवी म्हणून हट्ट धरला. चौगुले इस्त्रीच्या शर्टात आले आणि शिरीनताईंनी त्यांनाही सोडलं नाही. एका बाजूला मिरजेच्या शाळेतली दोन वेण्यांची नंदिनी, दुसऱ्या बाजूला तिच्याच वर्गातला एक जाडजूड मुलगा, मध्ये चौगुले. हर्षदा शेवटच्या रांगेत बसली. शाल्मली तिच्याही मागे, भिंतीला टेकून उभी राहिली. पडद्यावर काय आहे ते तिला पाठच होतं. ती डोकी बघत होती.

सुरुवातीला सगळं कालच्यासारखंच झालं. शार्कशेठ आला, मावशीचे पाठीमागचे हात ओरडले, आणि थिएटरात इथे एक, तिथे एक, अशी अर्धी मुलं हसली. फक्त आता ती सगळीकडे पसरलेली होती. प्रत्येक ऐकणाऱ्या मुलाच्या दोन्ही कोपरांना कुणीतरी हसून हलत होतं. टोपी बाहेर पडली तेव्हा बाकीची हसली, पण ते हसणं जरा ओशाळलेलं होतं.

तिसऱ्या खेपेला एका मुलीनं शेजारच्या मुलाचा दंड ओढला. काय? तिनं नुसती हनुवटी उडवून विचारलं. मुलानं पडद्यावरच्या हातांकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या हातांनी तीच खूण सावकाश केली आणि दोन बोटं आपल्या तळहातावरून पळवली. मुलीचं तोंड उघडंच राहिलं.

मग ते थिएटरभर सुरू झालं. कुजबूज नव्हती, दंड ओढले जात होते. मध्यंतरात पॉपकॉर्नची रांग अर्धी रिकामी राहिली, कारण पोरं व्हरांड्यात घोळके करून हात शिकत होती. नंदिनीनं चौगुल्यांची बोटं पकडून वाकडी केली, नीट जमलं नाही म्हणून कपाळाला हात लावला, आणि पुन्हा वाकडी केली. पुण्यातल्या एका कंपनीचा प्रमुख गुमान उभा राहून शिकत होता.

हर्षदानं हातातल्या छोट्या पडद्यावर पाहिलं. बघायला तिला मनाई नव्हती. मध्यंतरापर्यंत लयांक अडतीस.

दुसऱ्या भागात शार्कशेठ पुन्हा टपरीवर आला. मावशीनं गोड आवाजात विचारलं, “काय शेठ, साखर किती?” पाठीमागचे हात उठले. हर्षदाला कानानं ऐकू आलं, की थिएटर हसलं. डावीकडून नव्हे, उजवीकडून नव्हे. सगळं. एकदम. एकदाच.

ती मागे वळली. शाल्मलीनं दोन्ही हात तोंडावर घट्ट धरले होते. तिला आवाजाची गरज नव्हती. तीनशे डोकी एकाच वेळी मागे गेलेली तिनं पाहिली होती.

यंत्रावरची रेघ चढू लागली. चाळीस, अठ्ठेचाळीस. मधल्या प्रसंगांत एकदोनदा काही मुलं मागे राहिली, पण शेजाऱ्यांनी त्यांना ओढून पुढे आणलं. मावशी वाळूत पडली आणि तिचे उरलेले दोन हात हळूहळू हलले, तेव्हा कुणी कुणाला काही विचारलं नाही. इतकी शांतता पसरली, की एसीची घरघर मोठी वाटली. त्या शांततेत तीनशे हृदयं एकाच लयीत चालत होती, आणि पडद्यावरचा आकडा हर्षदाला आता धूसर दिसत होता.

दिवे लागले. बाहेरच्या फलकावर आकडा आला : बासष्ट.

शिरीनताईंनी सगळ्या कोल्हापूरला ऐकू जाईल अशी शिट्टी मारली. स्टुडिओतल्या पाच जणांनी शाल्मलीला खांद्यावर उचललं आणि तिचं डोकं जवळजवळ पंख्याला लागलं. चौगुले गर्दीतून वाट काढत हर्षदापाशी आले. त्यांचे डोळे लाल होते.

“हर्षदाताई, सहा वर्षांत मी असा आलेख पाहिला नाही. सिनेमे खाली उतरतात. फार तर तिथेच राहतात. सिनेमा चालू असताना प्रेक्षक शिकत गेलेत, असं कधी झालं नाही.”

“झालं असेल,” हर्षदा म्हणाली. “आपण एकच आकडा काढत होतो. शिकलेलं त्यात कुठे दिसणार?”

ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, “अभिनंदन कसं म्हणतात हातांनी?”

“मला काय विचारता? तिथे आहे ती. तिलाच विचारा.”

आणि ते खरोखरच विचारायला गेले.

पुढच्या शुक्रवारी ‘आठ हातांची मावशी’ राज्यभर गेली. जिथे गेली तिथे शिरीनताईंच्या पद्धतीनं प्रेक्षक बसवले गेले. जुन्या शंभर सिनेमांचे आलेख हर्षदानं दोन परक्या संस्थांकडून तपासून घेतले, स्वतः बाजूला राहून. नापास झालेल्यांपैकी बहुतेक खरंच वाईट निघाले. नऊ निघाले नाहीत. कुठे म्हातारी माणसं आणि तरुण, कुठे गावाकडचे आणि शहरातले, वेगवेगळ्या वेळी हसले होते. त्या नऊ सिनेमांना पुन्हा थिएटर मिळालं. एका आकड्यावर सिनेमा काढून टाकायचा नियम वर्षाच्या आत गेला. दर सात मिनिटांनी कड्यावरून पडणारे ससेही जरा कमी झाले.

पावसाळा सरल्यावर मालवणच्या थिएटरवाल्यांनी शाल्मलीला बोलावलं. मायलेकी दोघी गेल्या. त्या थिएटरात त्या दिवशी ऐकू न येणारं एकही मूल नव्हतं. सगळी कोळ्यांची, दुकानदारांची, शाळामास्तरांची पोरं. सिनेमा त्यांनी पाच-पाच, सहा-सहा वेळा पाहिला होता. खेळ संपला आणि शाल्मली पडद्यासमोर आली, तेव्हा पहिल्या रांगेतून एक दात पडलेली मुलगी उठली. तिनं आधी मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं, मग शाल्मलीकडे तोंड केलं आणि भराभर हातांनी काहीतरी म्हणाली.

सगळं थिएटर हसलं.

शाल्मलीला कळलं नाही. त्या खुणा तिच्या सिनेमातल्या नव्हत्या, तिच्या शाळेतल्याही नव्हत्या. पोरांनी इथे, किनाऱ्यावर, आपापसात बनवल्या होत्या. तिनं सवयीनं आईकडे पाहिलं. हर्षदानं खांदे उडवले. तिलाही कळलं नव्हतं.

मग शाल्मली खाली उतरून त्या मुलीसमोर गुडघ्यांवर बसली आणि हनुवटी उडवून तिनं विचारलं, काय? मुलीनं पुन्हा करून दाखवलं, अगदी सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं : मावशी, तुझ्या सिनेमात सगळं आहे, पण समुद्राच्या तळाशी चहा थंड कसा होत नाही?

आणि शाल्मली हसली. सगळ्यांच्या नंतर, पोट धरून, खूप वेळ.